कर्जतमध्ये नावाडी बुडाला नाही

“आलं का चित्र?”

हा प्रश्न आमच्या कर्जतमध्ये वरून यायचा, कुणाच्या तरी पत्र्यावरून. वर आमचे केबलवाले उभे, हातात वायर, दातांत स्क्रू. खाली घरातलं कुणीतरी टीव्हीपुढं. “मुंग्या हायत” असं उत्तर गेलं की ते न चिडता पुन्हा वायर सोलायचे आणि पुन्हा विचारायचे. खालची मंडळी कंटाळून म्हणायची, राहू द्या, चालतंय. हा शब्द मात्र त्यांना सहन व्हायचा नाही.

“चालतंय म्हंजे आलं न्हाई,” असं म्हणून ते आणखी अर्धा तास उन्हात उभे राहायचे.

तुमच्याही गावात असा एक केबलवाला असेल. आमच्या केबलवाल्यांचं नाव मी लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

माझी आणि त्यांची ओळख पत्रकांमुळं झाली. मी युवक संघटनेत. हुंडा, पाण्याची टाकी, रेशनचं रॉकेल, काहीही असो, आमचं पत्रक तयार. ते आमचा मजकूर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि दुपारच्या सिनेमाआधी कॅमेऱ्यापुढं धरून गावभर दाखवायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. फक्त कुरकुर करायचे. “ताई, लोकं भाकर खाताना वाचत्यात. घास गिळंस्तोवर संपलं पायजे.” माझं अर्धं पत्रक ते कापायचे. उरलेलं जास्त लागायचं.

केबलच्या दुकानात त्यांच्याबरोबर एक टेम्पोवाले असायचे. कर्जतचा भाजीपाला आणि झेंडू नगरच्या मार्केटला नेणारे. दुकानामागच्या खोलीत दोघे कित्येक वर्षं एकत्र राहत होते. नगरहून येताना टेम्पोवाले ह्यांच्यासाठी भेळ आणायचे, कांदा वेगळा बांधून, कारण ह्यांना कच्चा कांदा मऊ पडलेला चालत नसे. गाव त्यांना ‘जोडी’ म्हणायचं. कौतुकानंच म्हणायचं, जोवर त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता तोवर.

मी सरळ लिहिते. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. आमच्या संघटनेत हुंड्यावर बोलायला सगळे पुढं, पण समलिंगी हा शब्द आला की सगळ्यांना एकदम खोकला.

एका वर्षी एका वाहिनीवर हिंदीत आणलेली एक परदेशी मालिका लागायची. एक नावाडी आणि नदीकाठच्या शाळेतला एक मास्तर. गावानं ती दोस्तीची गोष्ट म्हणून बघितली. आम्ही तिघं दुकानात बसून ती जशी होती तशी बघितली. नावाडी मास्तरचा हात धरायचा तेव्हा केबलवाले उगाच आवाजाचं बटण फिरवत बसायचे आणि टेम्पोवाले टीव्ही सोडून त्यांच्याकडं बघायचे.

शेवटच्या भागात नावाडी बुडून मेला. मास्तरनं लग्न केलं.

केबलवाल्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “नावाड्याला बुडवलं. ज्याचा जन्म पान्यात गेला त्याला. ह्यांना दुसरा शेवट येतच न्हाई का, ताई?” ते लग्नांचं शूटिंगही करायचे; त्या कामासाठी पुण्याला जायचे आणि तिथून असल्या गोष्टींच्या कॅसेट शोधून आणायचे. सगळीकडं तेच, म्हणाले. “एक मरतोय न्हाईतर लगीन करतोय. मरत न्हाई त्यो येडा व्हतोय.”

मी घरी जाऊन वाहिनीला निषेधाचं पत्र लिहिलं. चार पानं. उत्तर आलं नाही.

ती मालिका केबलवाल्यांनी कॅसेटवर भरून ठेवली होती. बायकांच्या आग्रहावरून पुढच्या महिन्यात दुपारी ती पुन्हा लावली. शेवटचा भाग आला आणि मी घरी ताटावरून उठले. नदीला पूर आला, नावाडी नाव सोडायला निघाला आणि तिथंच चित्र थोडं हललं. पुढं तो आणि मास्तर नावेला डांबर लावत बसलेले. मास्तरच्या नाकाला डांबर लागतं, नावाडी हसतो, समाप्त. डांबराचा प्रसंग चौथ्या-पाचव्या भागातला होता. दोन व्हीसीआर जोडून त्यांनी तो उचलून शेवटी आणून बसवला होता.

मी पोचले तर दुकानासमोर बायकांची गर्दी. एकीनं विचारलं, “त्यो मेला व्हता ना ओ?”

“तवा चुकीचा भाग लागला व्हता,” केबलवाले गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “कंपनीची चूक.”

शेजारची चहावाली मावशी म्हणाली, “बरं झालं बाबा. महिनाभर माझा जीव त्या नावाड्यात अडकला व्हता.”

मी त्यांच्याशी भांडले. असं कापाकापी करून लढा होत नाही, वाहिनीला जाब विचारला पाहिजे, असं बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. “तुमी जाब इचारा. तवर मावशीनं का रडायचं?”

दिवाळीनंतर टेम्पोवाल्यांचे थोरले भाऊ दुकानात आले, हातात नारळ आणि सुपारी घेऊन. शूटिंग ठरवायचं तर तशी सुपारी द्यायची पद्धत. धाकट्याचं लग्न जमवलंय, मुलगी पाथर्डीकडची, कॅमेरा तुमचाच पाहिजे, म्हणाले. टेम्पोवाले मागं मान खाली घालून उभे. भाऊ काही न कळण्याइतके भोळे नव्हते. “लगीन झाल्यावर तुमची दोस्ती हायेच की,” ते म्हणाले. “कोन नको म्हनतंय? सगळं चालतंय.”

केबलवाल्यांनी कुणाचीच सुपारी कधी परत केली नव्हती. ही त्यांनी भावाच्या हातात परत ठेवली.

“चालतंय म्हंजे आलं न्हाई,” ते म्हणाले. मग टेम्पोवाल्यांकडं वळले. “मी काय कापून जोडनार न्हाई. हितं तुमालाच बोलावं लागंल.”

टेम्पोवाले त्या दिवशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोघे माझ्याकडं आले. गाव सोडून निघून जायचं म्हणत होते. मी म्हटलं, जा, पण त्या मुलीला मांडवात बसवून नाही. तिला बुडवून तुम्ही तरणार असाल, तर मी तुमच्या बाजूची नाही. टेम्पोवाल्यांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, “चला मग.”

तिघं पाथर्डीकडं गेलो. टेम्पोत झेंडूचा वास भरून राहिला होता. मुलीच्या वडिलांपुढं टेम्पोवाले हात जोडून उभे राहिले. “माझा जीव ह्यांच्यावर हाय. तुमच्या लेकीला मी फसवनार न्हाई.”

वडील ताडकन उठले. आता मार बसणार, असं मला वाटलं. त्यांनी फक्त दाराकडं बोट दाखवलं. तेवढ्यात मुलगी आतून तांब्या घेऊन आली. “आबा, खरं बोलले. पानी तरी पिऊ द्या.” टेम्पोवाले ओंजळीनं पाणी प्यायले, आणि आम्ही निघालो.

लग्न मोडल्याचं कळलं तसं त्याच आठवड्यात थोरल्या भावांनी माणसं आणून दुकानावरची डिश वाकवली, वायरी तोडल्या. गावाचे टीव्ही काळे पडले. गाव चिडलं ते त्यावर. माणसांवर काय गुदरलं हे विचारायला फक्त मावशी आली.

लोक म्हणाले, रात्रीचे निघा. केबलवाले म्हणाले, “चोरी केली का आमी?” बाजाराच्या दिवशी भर दुपारी त्यांनी दोन्ही व्हीसीआर, कॅमेरा आणि वाकलेली डिश टेम्पोत चढवली. मावशीनं चहा दिला. दोघे पुढं शेजारी बसले आणि भरल्या बाजारातून हॉर्न वाजवत गेले.

आता हे लिहिण्याचं कारण. आमच्या गावात हल्ली ही गोष्ट अशी सांगतात, की एकानं विहिरीत उडी घेतली आणि दुसरा वेडा होऊन शिर्डीत भीक मागतो. सांगणारे हळहळतातही. मालिकावाल्यांना दुसरा शेवट येत नव्हता, तो गावालाही येत नाही. मेलेल्यांवर दया करायला काही लागत नाही. जिवंत माणसं शेजारी राहू द्यावी लागतात.

खोटं आहे ते. मी जाऊन आले आहे. कुठं, ते विचारू नका.

गल्लीत वळले तेव्हा ओळखीची डिश दिसली, ठोकून सरळ केलेली. पत्र्यावर टेम्पोवाले उभे होते, हातात वायर, घामानं निथळत. केबलवाले खाली घरात टीव्हीपुढं, कारण गुडघे आता पत्र्यावर चढू देत नाहीत. मी दारात थांबले. आत पडद्यावर चित्र हललं, फाटलं, मग स्थिर झालं.

“आलं का?” वरून हाक आली.

केबलवाल्यांनी पडद्याजवळ जाऊन चारी कोपरे नीट बघून घेतले.

“आलं,” ते म्हणाले. “उतरा आता. जेवायचा थांबलोय.”