आमच्या माडीवरचं जपानी नाक

आमच्या गास गावात जे काही शिजतं, करपतं किंवा फुलतं, ते सगळ्यात आधी आमच्या माडीवरच्या जपानी भाडेकरूंना कळतं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. साहेबांचा जन्म तिकडे सोया सॉस बनवणाऱ्या घरातला. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकले, अत्तरांच्या प्रयोगशाळेत केस पांढरे केले, सल्लागार म्हणून वसईतल्या एका कारखान्यात आले आणि आमच्या वाडीतल्या सोनचाफ्याचा वास हुबेहूब बाटलीत उतरवायचाच, या हट्टापायी निवृत्तीनंतरही इथेच राहिले. मराठी त्यांना माझ्या आईने शिकवलं. ती निवृत्त शिक्षिका, त्यामुळे साहेब बोलतात ते थेट पाठ्यपुस्तकातलं. माणिकपूरला रिक्षावाल्याला म्हणाले, "क्षमा असावी, आपला क्लच जळत आहे." पुढच्याच वळणावर रिक्षा बसली. चर्चमध्ये धूप फिरला की डोळे मिटून ताठ उभे राहत. फादर इतके भारावले की त्यांनी बाप्तिस्म्याचाच विषय काढला. साहेब कमरेत वाकून म्हणाले, "फादर, या धुपात राळ अधिक आहे."

गेल्या वर्षी साहेबांना ताप आला. उतरलाही. मग एकदा आमचं दूध करपलं आणि माडीवरून हाक आली नाही, तेव्हा आई चपापली. ती त्यांना रोज सकाळी केळीच्या पानाच्या पुडीत चाफा नेऊन द्यायची. साहेब पुडी आधी हुंगायचे, मग उघडायचे. दुसऱ्या दिवशी तिने पुडीत सुका बोंबील बांधला. मी मागे उभा होतो, हसू दाबत.

"वा बाई! आजचा चाफा विशेष आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुडी उघडली.

माझं हसू जिरलं. आयुष्यभर नाकावर जगलेला माणूस बोंबलाकडे बघत बसला होता. मला फार वाईट वाटलं.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"तापापासून. आता माझे काम संपले, बाई."

"संपलं कसं? तुम्ही मिसळा. वास मी घेते."

तेव्हापासून आई दुपारी माडीवर असते. "फार गोड झालंय," "याला औषधाचा वास येतोय," असं ती सांगते आणि साहेब थेंब कमीजास्त करतात. परवा एक बाटली हुंगून आई चटकन म्हणाली, "साहेब, हाच! हाच आपला चाफा!"

साहेबांनी बाटली घेतली. बराच वेळ नाकाशी धरली. मग बूच लावत म्हणाले, "आपण म्हणता, बाई, तर असेल."