मण्यार नव्हतीच

अंगात येणं, भानामती, झपाटणं — असलं काही कोणी माझ्यासमोर काढलं की मी भांडायलाच उठतो. धानोरा तालुक्यात मी साप पकडतो. शाळाशाळांतून ओरडून सांगतो — मांत्रिकाकडं जाऊ नका, आधी दवाखाना गाठा! त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... आणि रडूही.

मोहफुलांचा हंगाम होता. माझी बायको मंदा दरवर्षीसारखी फुलं वेचायला माहेरी गेली होती, धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या गावात. परत येऊन तिला चार दिवस झाले होते. सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "अवो, मले दोन-दोन तवे दिसून राह्यले." मी हसलो. दुपारपर्यंत तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या.

पापण्या पडल्या म्हणजे मण्यार! आमच्याकडं शेंबडं पोरही हेच सांगेल. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दाताची खूणसुद्धा दिसत नाही... हे मीच लोकांना शिकवतो ना! गडचिरोलीच्या दवाखान्यात मी छातीठोकपणे सांगितलं, "मण्यारच आहे. मी सर्पमित्र आहे." विषावरची इंजेक्शनं सुरू झाली. काडीचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी ती हाकेला ओ देईना, श्वास अडकायला लागला. तिथून ॲम्ब्युलन्सनं चंद्रपूर. घशात नळी, व्हेंटिलेटर.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी तिच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय ताडकन उडाला.

"मण्यारीत सहसा असं होत नाही. महिनाभरात ताप, सर्दी, जुलाब — काही झालं होतं?"

"काहीच नाई, मॅडम. सापच आहे!" मी आवाज चढवला. एवढा कसा मूर्ख मी...

दुपारी चारला आयसीयूत दहा मिनिटं सोडायचे. नर्स सलाईन बदलत होती. मंदाचा हात गार होता. देवाला कधी हात न जोडणारा मी, तिच्यापुढं अक्षरशः भीक मागायला लागलो, "मंदे, सांग ना वं... तुले काय झालं? मी काय करू?"

आणि मंदाचा आवाज आला. स्पष्ट. घरी माझ्यावर वैतागते तसाच — "आईकडं मले हगवण लागली होती ना... दोन दिवस. सांगा डॉक्टरले."

ओठ हलले नव्हते. नळी घशात तशीच. मी नर्सकडं बघितलं, "सिस्टर, आयकलं का?"

"काय, भाऊ?"

मी धावतच सुटलो. "मॅडम, हगवण झाली होती. सापाचं मीच उगाच लावून धरलं." कोणी सांगितलं, हे त्यांनी विचारलं नाही, नशीब! म्हणाल्या, पोटाच्या इन्फेक्शनशी लढता लढता क्वचित शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर आणि मेंदूच्या देठावर तुटून पडतं. पाठीतलं पाणी काढलं, रक्त मुंबईला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता तो हल्ला थोपवणारं इम्युनोग्लोबुलिन सलाईनमधून सुरू केलं. रिपोर्टमध्ये पुढं तेच निघालं. सतराव्या दिवशी नळी निघाली.

ती नीट बोलायला लागल्यावर मी हगवणीचं विचारलं. मंदा चपापलीच. "तुमाले कोनं सांगतलं? मी त आईलेबी नाई सांगतलं. समजलं असतं त जंगलात जाऊच देल्लं नसतं मले." आयसीयूतलं तिला काही म्हणजे काहीच आठवत नाही.

भास झाला म्हणाल. म्हणा. पण जे मला ठाऊकच नव्हतं, ते भासात आलं कुठून? मॅडमनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी हातोडी काढून पुन्हा एकदा मंदाचे गुडघे तपासले.

एक मात्र खरं. ती शुद्धीवर होती तोवर मी जगाला सापाचं सांगत सुटलो होतो, तिला एकदाही धड विचारलं नव्हतं. विचारलं ते त्या दुपारी... आणि तिनं लगेच सांगितलं.