वाढीव चुना

मी जात्याच फटकळ. घरात माझ्या तोंडाला कुणी लागत नसे, धाकटा भाऊ तर नाहीच. तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होता आणि डाव्या गालात कायम बार भरलेला. त्याच गालाला कॅन्सर झाला.

गाठ कापायची ठरली, पण कळांमुळं त्याला घोटभर पेजही गिळवत नव्हती. अशा खंगलेल्या माणसाला चाकू लावायचा कसा? म्हणून बेळगावला कॅम्पातल्या डॉक्टरांनी जबड्याच्या मज्जातंतूत स्पिरिटची सुई दिली. अर्धा चेहरा बधिर झाला, कळा थांबल्या. त्या दिवशी तो पोटभर जेवला आणि मी चुलीपुढं बसून रडले.

डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "पंधरा दिवस ताकद भरू द्या, मग कापू. तोवर त्या गालाला भाजलं, चावलं तरी त्याला कळणार नाही. लक्ष तुम्ही ठेवायचं."

दहाव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "आक्का, एक चिमूट मळ की गं. लई दिस झालं."

आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही कुणी तंबाखू नाकारत नाही. हा तर पाठचा भाऊ. "उजव्या गालात धरणार असशील तर देते," मी म्हटलं.

"व्हय गं."

मळून दिली. "लागतच न्हाय. चुना वाढीव जरा." वाढवला. "अजून न्हाय लागत." आणखी वाढवला. लागणार कसा, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. पंचवीस वर्षांची सवय. जिभेनं बार केव्हाच डावीकडं, बधिर गालात सारला होता आणि त्याला तसाच डोळा लागला. झोपतोय बिचारा, म्हणून मी उठवलंही नाही.

संध्याकाळी चूळ भरताना रक्त आलं. चुन्यानं गाल आतून भाजून निघाला होता. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं बेळगाव गाठलं. डॉक्टर भडकले, "तंबाखू कुणी दिली?"

मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "मीच घेतली, सायेब. आक्का देवळात गेलती."

डॉक्टर त्याला वाट्टेल ते बोलले. माझं पाप त्याच्या पदरात पडत होतं आणि मी ते पडू दिलं.

मोटारीत तो म्हणाला, "घरात कुणाला सांगू नगंस. तुला खातील समदी."

जखम चिघळली. ती भरेपर्यंत गाठ गळ्यात उतरली, चाकू लागलाच नाही. तो गेल्यावर बायका म्हणाल्या, शेवटपर्यंत तंबाखू सोडवली नाही मेल्याला. मी तिथंच बसले होते. गप्प बसले.