दाजींच्या गाडीतलं बटण

मंगळवारी सकाळी दाजी गेले. बुधवारी अक्काचं डायलिसिस होतं.

सुतकात बाईनं घराबाहेर पडू नये, असं शेजारच्या म्हाताऱ्या दारात येऊन सांगून गेल्या. तरी तिला जतहून सांगलीला न्यावंच लागलं. आजवर दाजीच नेत. या खेपेला त्यांची गाडी मी चालवायला घेतली...

माझे हे मेहुणे फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन गावी आले आणि पुढं अक्काची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा सांगली. पेट्रोलचा खर्च पेन्शनीला झेपेना, तेव्हा दाजींनी इंजिनालाच हात घातला. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते हल्ली गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्याकडं जाणाऱ्या वायरीत त्यांनी स्वतः जोडलेली एक डबी बसवली आणि स्टिअरिंगशेजारी जुन्या रेडिओचं बटण लावलं. ते डावीकडं फिरवलं, की पेट्रोल कमी जाई. पहिल्याच खेपेला त्यांनी ते इतकं फिरवलं, की कवठेमहांकाळच्या अलीकडं चढावर गाडी बंद पडली. अक्का गाडीत होती. दवाखान्यात पोचायला फार उशीर झाला. त्या दिवसाबद्दल दाजी पुढं कधी बोलले नाहीत. बटण मात्र राहिलं. मी साताऱ्याहून गेलो, की चेष्टा करायचो, "दाजी, आता पाण्यावरच चालवा गाडी."

"आवं पावणं, जतात पेट्रोल तरी मिळतंय. पाणी कुठनं आणू?"

त्या बुधवारी मी त्यांच्या आठवणीनं बटण डावीकडं केलं. चढ लागला तशी गाडी हिसके खाऊ लागली. मागं अक्कानं डायलिसिसच्या सुया टोचायचा हात पोटाशी धरला.

"उजवीकडं फिरव रं ते."

"पण दाजी तर..."

"एकटं असलं की डावीकडं. मी बसले की उजवीकडं. गाडी बंद पडली त्या दिसापासनं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाजारला, रानात, टँकर सांगायला... एकटं रखडत जायचं ते. तिथं वाचलेलं माझ्या खेपंला घालायचं."

मी बटण फिरवलं. गाडी सरळ चालू लागली.

आता मी जतलाच राहतो. अक्का मागं बसली, की बटण उजवीकडं करतो. परत आल्यावर तिला दारात उतरवतो आणि डावीकडं करतो.