वन्संचा फ्रीज

काजवालीला गल्लीत कोणी भोळी म्हणण्याची सोय नव्हती. शिंप्यांच्या शर्टांना काजं करून देणारी ही बाई बटणं मोजून घ्यायची, मोजून द्यायची, आणि एखादं कमी भरलं तर असा काही आवाज लावायची की दुकानातलं गिऱ्हाईक माप अर्धवट टाकून सटकायचं. अशी खमकी बाई फसली कुठे? घरातच. फसवलं कोणी? सख्ख्या नणंदेनं.

झालं असं, की गल्लीतल्या दहा बायकांचा कर्जगट होता. दर मंगळवारी वन्संच्या ओट्यावर बैठक. नियम एकच: दहाही हप्ते जमेपर्यंत कोणी उठायचं नाही. वन्संनी स्वतःच्या वाट्याचं कर्ज आधीच उचललेलं, आणि आता त्यांना ओट्यालगतच्या आपल्या दुकानात थंड बाटल्यांसाठी फ्रीज हवा होता.

"नाव तुझं, हप्ता माझा," त्या काजवालीला म्हणाल्या. "आपल्यात कागद कशाला? परकी का मी?"

अकरा वर्षांत जिनं पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, तिनं त्या दिवशी बशीसकट चहा दिला. तिथेच काजवालीनं सावध व्हायचं! पण बाई हुरळली. "तुम्ही हक्कानं मागितलंत, त्यातच सगळं आलं," म्हणाली आणि कर्जवाल्या साहेबांपुढे अंगठा टेकवून मोकळी झाली.

नऊ मंगळवार वन्संनी बैठकीआधी गुपचूप पैसे हातात ठेवले. दहाव्या मंगळवारी हात रिकामेच.

साहेबांनी वही उघडली. नऊ हप्ते आले.

"वन्सं, द्या ना," काजवाली कुजबुजली.

"काय देऊ?"

"फ्रीजचा हप्ता."

"अगं बाई! ऐकलंत का सगळ्यांनी? फ्रीज मला माझ्या भावानं घेऊन दिलाय. विचारा त्यालाच."

तास गेला. एकीचं दूध गॅसवर, दुसरीचं लेकरू दाराला कडी लावून झोपवलेलं. बायकांना फ्रीज कोणाचा याच्याशी काय देणंघेणं? त्यांना उठायचं होतं.

"घरात मशीन आहे ना हिच्या?" कोणीतरी म्हणालं. "हप्ता भरेपर्यंत राहू दे इथं."

मशीन गेलं तर काजं कशावर करणार, आणि काजं नाहीत तर हप्ता कुठून भरणार? पण काजवालीला अजून एक आशा होती. नवरा घरी होता. फ्रीजची सगळी बोलणी त्याच्यासमोरच झाली होती.

वरात तिच्या खोलीत शिरली. वन्सं सर्वांत पुढे.

"सांगा हो यांना," काजवाली म्हणाली. "कर्ज कोणासाठी काढलं?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, मग बहिणीकडे. मग पायातली चप्पल नीट करत बसला.

"सांग की रे दादा," वन्सं गोड आवाजात म्हणाल्या. "फ्रीज कोणी दिला मला?"

"मीच," तो म्हणाला.

सुईखाली अडकलेला शर्ट तेवढा काजवालीनं दोरा तोडून सोडवला आणि बाजूला झाली. चौघीजणी मशीनला भिडल्या, पण लोखंडी स्टँड जाम हलेना.

"अहो, थांबा, तुम्हाला नाही झेपायचं," असं म्हणत नवरा उठला, बाह्या सरसावल्या, आणि त्यानं एक बाजू उचलली.