दहा वर्षांची बॅटरी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकच गोष्ट चारचौघांत छातीठोकपणे सांगितली, आणि तीच त्यांच्या मानगुटीवर बसली. ट्रकच्या अड्ड्यावर पंधरा-वीस ड्रायव्हरांसमोर ते म्हणाले होते, "माझ्या पद्धतीने सांभाळली तर बॅटरी दहा वर्षं चालते. नाही चालली तर मला मास्तर म्हणू नका."

मास्तर हे नाव अड्ड्यानेच दिलेलं. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती, पण बॅटरी या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. कोणी नवी बॅटरी घ्यायला निघाला की दाजींना सोबत न्यायचा. दाजी दुकानात शिरताना दिसले की दुकानदार पेपर घडी करून सरळ बसायचा. ते किंमत विचारायच्या आधी बॅटरीवर छापलेली तारीख शोधत. "वर्षभर फळीवर पडून राहिलेली बॅटरी म्हणजे काम न करता दमलेला माणूस. असे माझ्या सासरी पुष्कळ आहेत," असं ते म्हणत. त्या पुष्कळांत मी मोडतो, कारण मी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ.

मग घेणाऱ्याची शिकवणी सुरू. पाणी डिस्टिल्डच घाल, नळाचं नको. टर्मिनलवर पांढरं साठलं की कोमट पाण्याने धू, वरून जेली लाव. पट्टा घट्ट आवळ, कारण खड्ड्यांत हिंदकळून जेवढ्या बॅटऱ्या मरतात तेवढ्या म्हातारपणाने मरत नाहीत. आणि ट्रकला दोन बॅटऱ्या लागतात, तर बदलताना दोन्ही एकदम बदल. जुनी आणि नवी एका पेटीत बसवलीस की दोघी एकमेकींना खातात.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाने पुढे काय केलं ते ऐका. सातव्या वर्षी त्यांच्या जोडीतली एक बॅटरी गेली. दाजी गुपचूप लांबच्या एका गावी गेले आणि एक नवी घेऊन आले. एकच. कारण दुसरी अजून जिवंत होती, आणि ती जिवंत आहे तोवर दहा वर्षांची भाषाही जिवंत होती. अड्ड्याला पत्ता लागू नये म्हणून त्यांनी अंगणात बसून नव्या बॅटरीला ग्रीस आणि धूळ फासली.

ताई दारातून बघत होती. ती म्हणाली, "लोक जुन्याला रंग देऊन नवं म्हणून विकतात. आमच्याकडे सगळंच वेगळं."

"तू आत जा."

"जाते. पण कपडे तुमचे तुम्ही धुवा."

दोन महिन्यांत व्हायचं तेच झालं. जुनी तापायची, नवी उपाशी राहायची आणि सेल्फ मारला की इंजिन नुसतं कण्हायचं. गाडी सुरू करायचा एकच मार्ग उरला: उतार. उतारावर गाडी सोडायची, वेग आला की गिअरमध्ये टाकायची. त्या दिवसापासून दाजींचं आयुष्य उताराने ठरायला लागलं. जेवण उतारावरच्या खानावळीत, मग भात कच्चा का असेना. झोप उतारावर, चाकाखाली दगड लावून, पाय वर आणि डोकं खाली. दाढी उतारावरच्या न्हाव्याकडे. हा न्हावी एका बाजूची मिशी नेहमी थोडी जास्त कापायचा. सपाट जागी थांबावंच लागलं तर इंजिन चालू ठेवून दाजी केबिनमध्ये बसून राहायचे, उतरायचे नाहीत. सोन्याच्या पिंजऱ्यात निदान सोनं तरी असतं. इथे सगळा डिझेलचा धूर.

आणि त्यांच्या लेकीचं घर टेबलासारख्या सपाट गावात.

तिला मुलगी झाली. दाजी त्या रस्त्याने आठवड्यातून एकदा जात. ते हॉर्न वाजवत, लेक बाळाला घेऊन दारात येई, दाजी खिडकीतून हात खाली करून बाळाच्या टाळूला बोट लावत आणि इंजिनच्या आवाजाने बाळ किंचाळून रडे. दीड महिन्यात आजोबा-नातीची ओळख झाली ती एवढीच. त्यात बाळ ट्रकचा आवाज लांबून आला तरी रडायला लागलं.

सातव्या खेपेला लेक बाळाला न घेताच बाहेर आली.

"बाबा, इंजिन बंद करा आणि घरात या."

"पुढच्या खेपेला येतो गं. माल आहे."

"गाडी रिकामी आहे. मागून दोरखंड लोंबतोय."

दाजींनी मागे वळून बघितलं.

"ती तुमच्या गाडीचा आवाज ऐकून रडते, बाबा. यायचं असेल तर पायाने या. नाहीतर इथून हॉर्न न वाजवता जा." एवढं बोलून ती आत गेली. दार मात्र उघडं ठेवलं होतं.

दाजी दहा मिनिटं स्टिअरिंग धरून बसले. पुढे रस्ता सपाट, मागे सपाट, डाव्या हाताला शेजाऱ्याची मोटार अडकलेली आणि तो कमरेवर हात ठेवून उभा. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं. गल्ली एवढी शांत झाली की शेजारीही दचकला.

"बाहेर काढू द्या माझी गाडी," तो म्हणाला.

"आता उद्याच," दाजी म्हणाले आणि खाली उतरले.

ओसरीत बसून त्यांनी अड्ड्यावरच्या वायरमनला फोन लावला. "दोन बॅटऱ्या घेऊन ये. ताज्या तारखेच्या."

"दोन्ही?" वायरमनने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा केला होता, मागून खोकले ऐकू येत होते.

"दोन्ही. माझी एक दीड वर्षापूर्वीच गेली. दुसरीत जीव नाही."

पलीकडचे खोकले थांबले. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरचा आवाज आला, "मास्तर, तुम्ही कच्चा भात खायला एवढे लांब जाता, तेव्हाच आम्ही समजलो होतो. आम्हाला वाटलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

"सांगितलं."

"ठीक आहे," वायरमन म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत पोचवतो. तोवर काय करणार?"

लेकीने बाळाला आणून दाजींच्या मांडीवर ठेवलं होतं. फोन कान आणि खांद्यात तसाच अडकून राहिला. दोन्ही हात नातीला धरण्यात गुंतले होते आणि हलायची त्यांची छाती होत नव्हती, कारण ती रडत नव्हती.