कूलरपाशी ठेवलेल्या चपला

आमच्या घरात कूलरपाशी रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला. पाणी भरायचं असो की बटन दाबायचं असो, आधी चपला घालायच्या, मग हात लावायचा. कारण कूलर पत्र्याचा, अन् तो झटका द्यायचा. आता झटका देते म्हटल्यावर माणूस कूलर दुरुस्त करेल ना? आमच्या ह्यांनी चपला आणल्या.

यंदा उन्हाळा लागला अन् लेकीचा पुलगावहून फोन आला. "आई, पोरगी आता धरून उभी राह्यते. तो कूलर तसाच असन तं मी तिले घेऊन येत नाई."

मी ह्यांना सांगितलं. तर म्हणतात, "तिले बी चपला घेऊन देऊ, लहानशा."

मग मीच बटन बंद केलं, प्लग बोर्डातून काढला अन् पेचकस घेऊन बसले. प्लग उघडून पाहते तं आत दोनच तारा. अर्थिंगची हिरवी तार छाटून टाकलेली.

"ही काऊन कापली?"

"अवं, ती कामाची नाई. तिच्याबिगर बी कूलर चालते ना."

"चालते. अन् झटका बी देते."

ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

बाजारातून तीन पिनांचा नवा प्लग आणला. वायर थोडी मागून कापली, तेव्हा तिन्ही तारा हाती आल्या. हिरवी जाड पिनेला, लाल जिथं एल लिहिलं तिथं, काळी एनपाशी. तांब्याचे केस नीट पिळून स्क्रूखाली दाबले, एकही बाहेर राहू दिला नाही. वायरीवरची पट्टी आवळली, म्हणजे ओढाताणीत तारा निसटायच्या नाहीत. तेवढा वेळ मागून ह्यांचं चालूच, "राहू दे, तुले नाई जमत." मग वायरमनला बोलावून बोर्डाचं अर्थिंग तपासून घेतलं, नाहीतर हिरवी तार नुसती शोभेची. मोटारीपाशी वायर सोललेली निघाली, तीही त्यानं बदलली.

लेक आली. नात सरळ कूलरकडं रांगत गेली अन् ओल्या पत्र्यावर दोन्ही हात थापटू लागली. हे ताडकन उठले, चपला घेऊन धावले अन् तिच्या एवढ्याशा पायात घालू लागले. तिनं एक चप्पल ओढून तोंडात घातली.

मी तो जोड उचलून अंगणात नेऊन ठेवला. सकाळी पाहते तं पुन्हा कूलरपाशी.